गेम्सच्या वर्षअखेरच्या सेलमध्ये खरा डिस्काउंट आणि नुसता देखावा, फरक कसा ओळखता तुम्ही?

अर्धवट_सेव्ह:
मंडळी प्रश्न जरा लांबलचक आहे, आधीच सॉरी. दरवर्षी डिसेंबर आला की मी ठरवतो, या वेळी हात आखडता घ्यायचा, आणि दरवर्षी सेल सुरू झाला की पहिल्या तासात कार्ट भरलेली असते. मागच्या वर्षी 11 गेम्स घेतल्या, त्यातल्या 2 संपवल्या, 3 नुसत्या उघडून बघितल्या आणि उरलेल्या 6 आजपर्यंत इन्स्टॉलसुद्धा केल्या नाहीत. वर त्यातली एक पुढच्याच महिन्यात भावाच्या पीएस प्लसमध्ये (प्लेस्टेशनची मेंबरशिप, तिच्यात दर महिन्याला काही गेम्स मिळतात) आली, तो हसून हसून गडबडा लोळला.

या वेळी फक्त 3 गेम्स घ्यायच्यात, चौथी नाही. माझ्याकडे साधा लॅपटॉप आहे, 8 जीबी रॅम, ग्राफिक्स कार्ड असून नसल्यासारखं. भावाचा पीएस 5 (प्लेस्टेशन 5) आहे, डिस्कवाला, तो रात्री 10 नंतर मिळतो. आठवड्याला पाच-सहा तास खेळायला होतात, त्याच्यावर नाही.

तर विचारायचं हे की 75 टक्के कमी असं हिरव्या पट्टीत दिसतं ते खरंच कमी असतं की आधी किंमत वाढवून मग कमी केल्यासारखं दाखवतात? सेलच्या पहिल्या दिवशी घ्यायचं की थांबलं तर शेवटी अजून उतरतं? आणि त्या 'की' (गेम चालू करायचे कोड) विकणाऱ्या साइट्सवर सगळं अजून स्वस्त दिसतं, त्यात नक्की गोम काय आहे? विशलिस्टमध्ये 61 गेम्स आहेत, त्यातून 3 निवडायच्या कशा तेही सांगा जमलं तर.

पॅच_बघून_घे:
भावा 61 म्हणजे अजून तू शुद्धीत आहेस, माझा आकडा सांगत नाही.

पहिला मुद्दा, टक्क्यांकडे बघणं बंद कर. टक्के दुकानदार ठरवतो, तुला बघायचाय तो आकडा म्हणजे ही गेम आजवर सगळ्यात खाली कुठे गेली होती. स्टीमसाठी, म्हणजे पीसी गेम्सच्या त्या ऑनलाइन दुकानासाठी, स्टीमडीबी ही साइट उघड, गेमचं नाव टाक, किमतीचा पूर्ण आलेख येतो, कोणत्या तारखेला किती होती ते सगळं. आलेखात एकाच पातळीला वर्षातून चार-पाच खड्डे दिसले तर समजायचं की आत्ताचा 'धमाका' दर दोन-तीन महिन्यांनी होतो आणि घाई करण्यासारखं काही नाही. नवीन खोल खड्डा दिसला, म्हणजे आधी कधीच इतकी खाली आली नव्हती, तर मग विचार कर.

किंमत वाढवून कमी करण्याबद्दल, स्टीमवर नियम आहे की किंमत वाढवली की पुढचे 30 दिवस डिस्काउंट लावता येत नाही. म्हणजे काल वाढवली आणि आज उतरवली असं तिथे चालत नाही. पण ऑक्टोबरमध्ये वाढवून डिसेंबरमध्ये सेलला लावली तर नियम मोडत नाही, म्हणून तर आलेख बघायचा. मूळ किंमतच वर सरकलेली असली तर 60 टक्के कमी करूनही गेल्या वर्षीच्या 50 टक्क्यांपेक्षा महाग पडू शकते, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय.

दुसरा मुद्दा पहिला दिवस की शेवटचा. हा वाद जुन्या लोकांनी डोक्यात भरलेला आहे. एके काळी स्टीमच्या सेलमध्ये रोज नवीन डील असायची, काही तासांपुरत्या फ्लॅश डील असायच्या, त्यामुळे लोक अलार्म लावून उठायचे आणि शेवटच्या दिवसापर्यंत थांबायचे. 2015 च्या अखेरीस ते बंद झालं. आता सेल सुरू होताना जो भाव लागतो तोच शेवटपर्यंत राहतो, थांबून काही मिळत नाही. उलट पहिल्या दिवशी स्टोअर इतकं धापा टाकत असतं की पेमेंट अडकतं, म्हणून मी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चहा घेऊन निवांत बसतो.

लक्षात ठेव की ही वर्षातली एकमेव संधी नाही. स्टीमचे मोठे सेल चार, वसंत, उन्हाळा, शरद आणि हिवाळा. मागचा हिवाळी 18 डिसेंबर 2025 ला सुरू होऊन 5 जानेवारीपर्यंत होता, त्याच्या आधीचा 19 डिसेंबर 2024 ते 2 जानेवारी. मार्चमध्ये परत येतोच. 'आत्ता नाही तर कधीच नाही' असं वाटायला लागलं की लॅपटॉप बंद करून एक चक्कर मारून ये.

कार्टमधली_ताई:
वरचं सगळं पीसीचं झालं, मी कन्सोलचं सांगते कारण भावाचा पीएस 5 म्हणालास म्हणून.

सगळ्यात आधी रिफंडचा फरक डोक्यात पक्का कर. स्टीमवर घेतल्यापासून 14 दिवसांच्या आत आणि 2 तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर पैसे परत मिळतात, कारण विचारतात पण 'आवडली नाही' हे कारणसुद्धा चालतं. प्लेस्टेशन स्टोअरवरही 14 दिवस आहेत, पण गेम डाउनलोड करायला घेतली की संपलं, मग गेमच बिघडलेली असेल तरच काही होतं. म्हणजे तिथे ट्राय करून परत देणं हा प्रकारच नाही. मी काय करते, सेलमधलं काही घ्यायचं तर कन्सोलवरून नाही घेत, फोनवरून किंवा ब्राउझरवरून घेते आणि डाउनलोड दाबत नाही, दोन दिवस तसंच पडू देते. दोन दिवसांनी अजून खेळावंसं वाटलं तरच दाबते. अर्ध्या वेळा वाटत नाही.

आणि पीएस प्लसचं जे तुझं झालं ते माझं दोनदा झालंय, त्यामुळे सांगते. पुढच्या महिन्याच्या पीएस प्लसच्या गेम्स साधारण आधीच्या बुधवारी जाहीर होतात आणि महिन्याच्या पहिल्या मंगळवारी मिळतात. वर्षअखेरचा सेल जानेवारीतही चालू असतो, मग जानेवारीची यादी येईपर्यंत थांब ना, तुझं काय जातंय, भाव तोच राहणार. फक्त सेल किती तारखेला संपतोय ते गेमच्या पानावर लिहिलेलं असतं ते बघून ठेव, कारण एकाच स्टोअरवर दोन-तीन सेल एकात एक घुसलेले असतात आणि प्रत्येकाची तारीख वेगळी असते.

पीएस प्लसमधून आलेली गेम ही आपली नसते हेही भावाला सांग, मेंबरशिप संपली की कुलूप लागतं. तेव्हा हसू दे त्याला आत्ता.

आणि डिस्कवाला पीएस 5 आहे म्हणजे तू नशीबवान आहेस, डिस्क संपली की विकता येते, बदलून घेता येते, डिजिटल घेतलेलं जन्मभर लायब्ररीत बसून तुझ्याकडे बघत राहतं. एकदाच खेळून ठेवून द्यायच्या ज्या गोष्टवाल्या गेम्स असतात त्या मी डिस्कवरच घेते, आणि त्यासुद्धा जुन्या, वापरलेल्या.

स्वस्त_मस्त:
एवढा अभ्यास कशाला करताय राव 😄 की साइटवर जा, सेलपेक्षाही कमीत मिळते, मी पाच-सहा वर्षं घेतोय एकही अडचण आली नाही. कोड टाकला की गेम लायब्ररीत. संपला विषय.

जुना_खेळाडू:
स्वस्त_मस्त, तुझी आली नाही ही चांगली गोष्ट, माझी आलीय. साइटचं नाव घेत नाही. एका मोठ्या गेमचा कोड घेतला, तीन महिने खेळलो, 40 तास झाले असतील, एक दिवस लॉगिन केलं तर गेम लायब्ररीतून गायब. कोड चोरीच्या कार्डवर घेतलेला होता, कार्डवाल्याने बँकेकडून पैसे परत घेतले, कंपनीने कोड रद्द केला. साइटवाल्यांना लिहिलं तर ते म्हणाले विकणाऱ्याशी बोला, विकणाऱ्याचं अकाउंट बंद. पैसे गेले, सेव्ह म्हणजे आत्तापर्यंतचं खेळलेलं सगळं गेलं, आणि मी शेवटच्या बॉसवर होतो हे वेगळंच.

अर्धवट_सेव्ह, यातली गोम अशी आहे की 'की विकणारी साइट' या एका नावाखाली दोन वेगळे प्रकार येतात. हम्बल, फॅनॅटिकल, ग्रीन मॅन गेमिंग ही दुकानं अधिकृत आहेत, त्यांना कोड थेट गेम कंपनीकडून मिळतात, आणि तिथे कधी कधी स्टीमपेक्षा खरंच स्वस्त मिळतं, वर कूपन वगैरे. दुसरा प्रकार म्हणजे बाजार, जिथे कोणीही येऊन कोणताही कोड विकतो, तो त्याला कुठून मिळाला हे कोणी विचारत नाही. स्वस्त त्यामुळेच असतं. काही कोड दुसऱ्या देशासाठीचे असतात, टाकल्यावर तुझ्याकडे चालतच नाहीत.

फरक ओळखायला इज देअर एनी डील ही साइट वापर, तिथे फक्त अधिकृत दुकानांचे भाव दाखवतात. जीजी डॉट डील्सवर दोन्ही दिसतात पण वेगवेगळ्या रकान्यात, अधिकृत वेगळे आणि की बाजार वेगळा. तुझी स्टीमची विशलिस्ट तिथे जोडता येते आणि मग कुठल्याही दुकानात भाव तुझ्या आकड्याच्या खाली गेला की मेल येतो, म्हणजे 61 पानं रोज उघडायची गरज नाही.

एक बारीक गोष्ट, बाहेरून कोड घेतला की स्टीमचा रिफंड लागू होत नाही, अगदी अधिकृत दुकानातून घेतला तरी. दुकानाचा स्वतःचा नियम असतो आणि बहुतेक ठिकाणी कोड उघडून बघितला की परत नाही. म्हणून ज्या गेमबद्दल लॅपटॉपवर चालेल का अशी शंका आहे ती स्टीमवरूनच घे, थोडी महाग पडली तरी, आणि जी नक्की चालते नि नक्की खेळणार ती बाहेरून घे.

स्वस्त_मस्त:
बरं बरं, एवढं मनावर नका घेऊ. चोरीच्या कार्डाचं मला खरंच माहीत नव्हतं. पण माझं आत्तापर्यंत चाललंय एवढंच म्हणालो.

अर्धवट_सेव्ह:
बापरे, शेवटच्या बॉसवर गायब. हे वाचून की बाजाराचा विचार डोक्यातून काढला.

पॅच_बघून_घे दादा, तुम्ही म्हणालात तसं स्टीमडीबीवर बसलो दोन तास, विशलिस्ट 61 वरून 19 वर आली कारण बाकीच्या सगळ्या दर सेलला त्याच भावाला येतात, म्हणजे त्यांची घाई नाही. आता अडचण अशी की काही गेम्सच्या तीन-तीन आवृत्त्या दिसतात, साधी, डिलक्स, मग कम्प्लीट की अल्टिमेट, आणि खाली अजून दोन बंडल, म्हणजे अनेक गेम्सचे एकत्र संच. साधी 70 टक्क्यांनी कमी, कम्प्लीट 80 टक्क्यांनी. डोकं फिरलंय माझं. आणि माझ्या लिस्टमधली फॅक्टोरिओ कधीच सेलला का येत नाही?

डीएलसी_नको_बाई:
फॅक्टोरिओ येणार नाही, वाट बघू नकोस. त्या लोकांचं धोरणच आहे की सेल लावायचा नाही, उलट 2023 मध्ये त्यांनी किंमत वाढवली होती. मला तर ते आवडतं, घ्यायची असेल तर आज घे नसेल तर नको, महिनाभर मानगुटीवर बसत नाही. पण तुझ्या पाच-सहा तासांत ती घेऊ नकोस, ती गेम नाही नोकरी आहे.

आवृत्त्यांचं मी सांगते, माझा या विषयावर राग आहे. नावं ऐकून काही कळत नाही म्हणून 'यात काय काय आहे' हे पान खाली सरकवून वाच. डिलक्समध्ये बहुतेक वेळा गाणी, चित्रांचं पीडीएफ आणि दोन-चार कपडे असतात, ते तुला नकोयत. कम्प्लीट किंवा गेम ऑफ द इयर असं लिहिलेल्यात खरोखरचे मोठे डीएलसी (मूळ गेमला जोडायचे, वेगळे विकले जाणारे भाग) असतात, नवीन गोष्ट, नवीन नकाशा. द विचर 3 चं उदाहरण घे, 2015 ची गेम, तिचे दोन मोठे डीएलसी म्हणजे हार्ट्स ऑफ स्टोन आणि ब्लड अँड वाइन, दोन्ही भारी आहेत, आणि सेलमध्ये कम्प्लीट आवृत्ती घेतली की साध्या गेममध्ये नंतर डीएलसी जोडण्यापेक्षा बहुतेक वेळा स्वस्त पडते. म्हणजे जुन्या, संपूर्ण झालेल्या गेमची कम्प्लीट घ्यायची. नवीन गेम असेल, डीएलसी अजून यायचेत, तर साधीच घ्यायची, कारण तुला ती आवडेल की नाही हेच माहीत नाही. सीझन पास नावाचा प्रकार तर बाहेर न आलेल्या गोष्टीचे पैसे आधी देणं आहे, त्याला हातसुद्धा लावू नकोस.

बंडलचं गणित मजेदार आहे. स्टीमवर बंडलचा डिस्काउंट वेगळ्या गेमच्या डिस्काउंटवर अजून लागतो. म्हणजे गेम आधीच 50 टक्के कमी आणि बंडल अजून 20 टक्के कमी, तर ते 70 होत नाही, उरलेल्या अर्ध्याचे 20 टक्के म्हणजे एकूण 60. पण चांगली गोष्ट अशी की बंडलमधल्या ज्या गेम्स तुझ्याकडे आधीच आहेत त्या बहुतेक बंडलमध्ये वजा होतात, फक्त उरलेल्यांचे पैसे लागतात. म्हणून एखाद्या मालिकेतल्या दोन गेम्स आधीच असतील तर तिसरी एकटी घेण्याआधी 'संच पूर्ण करा' असलं काही आहे का बघून घे, कधी कधी बंडलमधून तीच एक गेम कमीत पडते. आणि उलटंही आहे हां, तुला एक हवी आणि बंडलात पाच, 'थोड्याच फरकात पाच मिळतायत' म्हणून घेतल्या की त्या चार तुझ्या 6 न उघडलेल्यांच्या शेजारी जाऊन बसणार.

फुकटचंद:
कोणीच एपिकचं, म्हणजे स्टीमसारख्याच दुसऱ्या पीसी गेम्सच्या दुकानाचं, बोललं नाही अजून. एपिकवर डिसेंबर 2018 पासून फुकट गेम्स देतात, पहिली सबनॉटिका होती, दर आठवड्याला येतात आणि डिसेंबरच्या शेवटी काही दिवस तर रोज एक. रोज फक्त अकाउंटवर जाऊन 'घे' दाबायचं, इन्स्टॉल करायची गरज नाही, ती कायमची तुझी. विकत घ्यायच्या आधी ते दिवस संपू दे, तुझ्या 19 मधली एखादी फुकट निघू शकते. माझ्या एपिकच्या लायब्ररीत शेकड्याने गेम्स आहेत आणि मी त्यांना एक दमडी दिलेली नाही, खेळलो किती ते विचारू नका.

जीओजी नावाच्या तिसऱ्या दुकानाचाही हिवाळी सेल असतो, त्यातही अधूनमधून एखादी फुकट. जीओजीचं मला आवडतं कारण तिथून इन्स्टॉलर डाउनलोड करून हार्ड डिस्कवर ठेवता येतो, दुकान उद्या बंद पडलं तरी गेम चालते. जुन्या गेम्ससाठी, आणि तुझ्या लॅपटॉपला जुन्याच झेपणार, तिथे आधी बघ. रिफंडही 30 दिवसांचा आहे, खेळून झाल्यावरसुद्धा, पण ते भल्या मनाने दिलंय तर कोणी गैरफायदा घेऊ नका.

एक_लाइफ_शिल्लक:
+1 जीओजी. माझा 10 वर्षं जुना लॅपटॉप तिथल्या गेम्सवरच जगतोय.

जुना_खेळाडू:
अजून एक राहिलं. खूप जास्त डिस्काउंट, 85-90 टक्के, आणि गेम ऑनलाइन खेळायची असेल तर आधी बघ की सर्व्हर चालू आहेत का, आणि खेळायला माणसं आहेत का. द क्रू या गाड्यांच्या शर्यतीच्या गेमचं काय झालं आठवत असेल, 31 मार्च 2024 ला सर्व्हर बंद झाले आणि पैसे देऊन घेतलेली गेम उघडायचीच बंद झाली, एकट्याने खेळायची असली तरी. स्टीमडीबीवर किमतीच्या शेजारीच आत्ता किती लोक खेळतायत तो आकडा असतो. चार खेळाडूंची गेम आणि जगभरात 12 जण खेळतायत असं दिसलं तर 95 टक्के डिस्काउंटही महागच आहे.

जागेचंही बघ. रेड डेड रिडेम्प्शन 2 ला 150 जीबी लागतात असं पानावरच लिहिलंय, सेलमध्ये ती नेहमी भरपूर खाली येते, लोक हौसेने घेतात आणि मग डिस्कवरचे घरचे फोटो हलवत बसतात. तुझ्या लॅपटॉपवर तर ती चालणारच नाही, ती भावाच्या पीएस 5 वर.

कार्टमधली_ताई:
हो आणि पीएस 5 वर घेताना पीएस 4 ची आवृत्ती आणि पीएस 5 ची आवृत्ती दोन्ही दिसतात, काही गेम्सना पीएस 4 ची घेतली की पीएस 5 ची फुकट मिळते, काहींना थोडे पैसे लागतात, काहींना मिळतच नाही. ते पानावर लिहिलेलं असतं पण बारीक अक्षरात. किमतींचा इतिहास बघायला प्लॅट प्राइसेस नावाची साइट आहे प्लेस्टेशनसाठी. घरात कोणाकडे निन्टेन्डोचा स्विच हा कन्सोल असेल तर त्याला डेकू डील्स. पण स्विचवर निन्टेन्डोच्या स्वतःच्या गेम्सची वाट बघत बसू नका, त्या बहुतेक वेळा फार तर तिसऱ्या हिश्श्याने उतरतात आणि तेवढ्यावरच थांबतात, 2017 ची झेल्डा अजूनही मानाने बसलीय. बाहेरच्या कंपन्यांच्या गेम्स मात्र तिथेही 70-80 टक्क्यांवर येतात.

अर्धवट_सेव्ह:
अपडेट देतो. सगळ्यांचं ऐकून 19 वरून 7, आणि 7 वरून 3 केल्या. निवडताना एकच गोष्ट केली, प्रत्येक गेमच्या पुढे किती तास लागतात ते हाऊ लाँग टू बीट वर बघून लिहिलं. माझे आठवड्याचे सहा तास धरले तर 100 तासांची गेम म्हणजे चार महिने, म्हणजे एक मोठी घेतली की पुढचा सेल येईपर्यंत दुसरीला हात लागणार नाही. हे गणित मी आधी कधीच केलं नव्हतं, मागच्या वर्षीच्या 11 ची बेरीज केली तर साडेचारशे तास निघाले. दीड वर्षाचं सामान एका रात्रीत घेतलं होतं मी.

लॅपटॉपसाठी हेडीस आणि एक छोटी जुनी गेम, ती जीओजीवरून. पीएस 5 साठी रेड डेड 2 ची वापरलेली डिस्क, नाताळानंतर लोक विकायला काढतातच. एपिकवरून रोजची फुकट घेतोय, ती मोजत नाही.

एक गडबड झाली पण. हेडीस मी सेल सुरू व्हायच्या चार दिवस आधीच पूर्ण किमतीला घेऊन बसलो होतो, धीर धरवला नाही, 50 मिनिटं खेळलो. आता ती निम्म्याहून खाली आलीय. यात काही होऊ शकतं का?

पॅच_बघून_घे:
होतं! आरामात होतं. स्टीमच्या रिफंडच्या पानावरच लिहिलंय की सेलच्या आधी घेतलेली गेम परत करून लगेच सेलच्या भावाला घेतली तर तो गैरवापर मानत नाहीत. तुझे 14 दिवस आणि 2 तास दोन्हीच्या आत आहेस. पण खेळणं आत्ता थांबव, गेम चालू ठेवून जेवायला गेलास तरी ते मिनिट मोजले जातात. आणि रिफंड स्टीम वॉलेटमध्ये माग, कार्डवर परत यायला वेळ लागतो, आठवडाभरही लागू शकतो, तोवर सेल संपला तर बसशील बोंबलत. वॉलेटमधले पैसे बाहेर काढता येत नाहीत पण तुला तीच गेम परत घ्यायचीय ना, मग काय.

सेव्हचं मात्र आधी बघून घे. हेडीसला क्लाउड सेव्ह आहे (सेव्ह ऑनलाइनही साठते), त्याच अकाउंटवर परत घेतली की बहुधा तिथूनच चालू होईल, पण सेव्ह फोल्डर कॉपी करून ठेवलेलं बरं.

अर्धवट_सेव्ह:
झालं! काल रात्री रिफंड टाकला, सकाळी वॉलेटमध्ये पैसे, परत घेतली, सेव्ह जशीच्या तशी. जो फरक वाचला त्यात अजून एक गेम सहज येतेय, कार्टमध्ये टाकून बघतोय नुसतं.

डीएलसी_नको_बाई:
काढ ती कार्टमधून.

अर्धवट_सेव्ह:
काढली 😭

फुकटचंद:
नाव तरी सांग, उद्याच्या फुकटवाल्यात आली तर कळवतो.